धातुसाधित शब्द, इंग्रजी भाषेतील
धातुसाधित शब्द, इंग्रजी भाषेतील : क्रियापदापासून प्रत्यय लावून, अंतर्गत ध्वनिबदल करून किंवा रूपात काहीही बदल न करता सिद्ध झालेली नामे, विशेषणे व क्रियाविशेषणे. संस्कृत व्याकरणात धातूला लागणाऱ्या अशा प्रत्ययांना ‘कृत्’ व त्यांपासून होणाऱ्या शब्दांना ‘कृदन्त’ म्हणतात. संस्कृतातील ही व्यवस्था बऱ्याच अंशी नियमबद्ध आहे. इंग्रजीत मात्र कोणत्या क्रियापदाला कोणता प्रत्यय लागेल, हे पुष्कळदा केवळ रूढीवर अवलंबून असते. या अनियमिततेचे मूळ त्या भाषेच्या इतिहासात आहे.

जुन्या इंग्रजीतून आलेले ‘-अर’ (‘रीडर’, वाचक) व ‘-इंग’ (‘रीडिंग’, वाचन) हे जर्मानिक प्रत्यय आजही जवळजवळ कोणत्याही क्रियापदाला लागतात. १०६६ मधील नॉर्मन विजयानंतर फ्रेंचमधून व पुढे थेट लॅटिनमधून हजारो शब्द इंग्रजीत आले. त्यांच्याबरोबर ‘-मेंट’, ‘-अन्स’, ‘-शन’, ‘-एबल’, ‘-इव्ह’ इ. प्रत्ययही आले. लॅटिनमध्ये क्रियापदाची वेगवेगळी अंगे असत. त्यामुळे ‘डिस्क्राइब’ पासून ‘डिस्क्रिप्शन’ आणि ‘रिसीव्ह’ पासून ‘रिसेप्शन’ अशी, मूळ क्रियापदाहून भिन्न दिसणारी नामे रूढ झाली. ‘अराइव्ह’चे नाम ‘अरायव्हल’, पण ‘डिराइव्ह’चे ‘डेरिव्हेशन’ होते. ‘-एबल’ हा प्रत्यय पुढे ‘ईट’, ‘रीड’ यांसारख्या देशी क्रियापदांनाही लागू लागला. ‘-इव्ह’ मात्र मुख्यतः लॅटिनमूलक शब्दांपुरताच राहिला.

प्रत्ययाविना होणारी साधितेही विपुल आहेत. शब्दरूपांच्या अंती असलेले जुने प्रत्यय मध्ययुगात गळून पडल्याने ‘वॉक’, ‘कॉल’ यांसारखे शब्द क्रियापद व नाम अशा दोन्ही प्रकारे वापरता येतात. काही जोड्यांत आघाताने भेद होतो : ‘रेकॉर्ड’ या शब्दात नाम असता पहिल्या, तर क्रियापद असता दुसऱ्या अवयवावर आघात येतो. ‘सिंग–साँग’ यात स्वर, तर ‘प्रूव्ह–प्रूफ’ यात अंत्य व्यंजनाचे घोषत्व बदलते. क्वचित क्रम उलटाही असतो. ‘एडिटर’ हे नाम आधीचे असून ‘एडिट’ हे क्रियापद त्यावरून पाडलेले आहे.

क्रियाविशेषण सहसा क्रियापदापासून थेट होत नाही. मध्ये विशेषणाची पायरी असते. ‘सरप्राइझ’ (चकित करणे) या क्रियापदापासून ‘सरप्रायझिंग’ (आश्चर्यकारक) आणि त्याला ‘-ली’ लागून ‘सरप्रायझिंग्ली’ (आश्चर्यकारकपणे) असा क्रम आढळतो. ‘-ली’चे मूळ ‘देह, आकार’ या अर्थाच्या जर्मानिक शब्दात आहे. ‘-इंग’ व ‘-एड’ यांनी होणाऱ्या विशेषणांत भावना उत्पन्न करणारा व ती अनुभवणारा असा भेद होतो : ‘इंटरेस्टिंग’ म्हणजे रस निर्माण करणारे, ‘इंटरेस्टेड’ म्हणजे रस असलेला.

एकाच मूळातून निघालेल्या शब्दांचे अर्थ मात्र दूर जाऊ शकतात. ‘ऑब्झर्व्ह’ची ‘ऑब्झर्व्हेशन’ (निरीक्षण) व ‘ऑब्झर्व्हन्स’ (नियमाचे वा व्रताचे पालन) ही दोन नामे होत. ‘रिस्पेक्ट’पासून ‘रिस्पेक्टेबल’ (प्रतिष्ठित), ‘रिस्पेक्टफुल’ (आदर दाखविणारा) व ‘रिस्पेक्टिव्ह’ (आपापला) अशी तीन विशेषणे रूढ आहेत. ‘रिस्पेक्टिव्हली’चा ‘अनुक्रमे’ हा अर्थ तर आदराशी संबंधित राहिलेला नाही. ‘कन्स्ट्रक्ट’ (बांधणे) व ‘कन्स्ट्रू’ (अर्थ लावणे) या दोहोंचेही नाम ‘कन्स्ट्रक्शन’ असेच आहे. अधिनियमाच्या संदर्भात त्याचा अर्थ ‘अन्वयार्थ’ असा होतो. तेथे ‘बांधकाम’ हा प्रतिशब्द योजल्यास मूळ आशयच नष्ट होतो. म्हणून साधित शब्दाचा अर्थ केवळ क्रियापद व प्रत्यय यांच्या बेरजेने न ठरविता प्रत्यक्ष वापरावरून निश्चित करणे भाषांतरात व अध्यापनात आवश्यक ठरते.