धसका, ध्यान आणि डोळे उघडे ठेवण्याची मुभा

इंदापूर तालुक्यातल्या डाळजवरून पुणे-सोलापूर महामार्ग जातो आणि जवळच उजनी धरणाचं पाणी पसरलेलं आहे. या पट्ट्याला अपघात नवे नाहीत. 21 मे 2024 ला कुगावहून इंदापूर तालुक्यातल्याच कळाशीकडे निघालेली बोट वादळात उलटली. सहा जण बुडाले, एक जण पोहून काठाला लागला. अशा घटनांनंतर कुणाची झोप उडते, कुणी पाण्याकडे फिरकत नाही. ‘धसका घेतलाय’ असं घरचे म्हणतात. मग सल्ला येतो: ध्यानाला बस, सगळं विसरशील. मनापासून दिलेल्या या सल्ल्यात बरेच गैरसमज आहेत.

पहिला, ध्यानानं माणूस विसरतो. विसरत नाही. सजगता-ध्यान, म्हणजेच माइंडफुलनेस, याचा अर्थ श्वास, अंगातल्या संवेदना, कानावर पडणारे आवाज यांकडे आत्ता लक्ष देणं आणि भरकटलेलं लक्ष न रागावता परत आणणं. आठवण येतेच, ती आली तरी तो प्रसंग आत्ता घडत नाही, हे हळूहळू ओळखता येतं. जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात याचे वर्ग सुरू केले, ते जुनाट दुखणी आणि ताण यांसाठी. मानसिक आघातावरचा उपचार म्हणून ते सुरू झाले नव्हते.

‘डोळे मिटून बसलं की शांत वाटतंच’ हा मला सगळ्यांत घातक गैरसमज वाटतो. आघात सोसलेल्या माणसाचं शरीर धोका टळल्यावरही सावध राहतं. छाती धडधडते, जरा आवाज झाला की तो दचकतो. डोळे मिटले की बाहेरचा आधार सुटतो आणि तेच दृश्य पुढे येऊ शकतं. बुडता बुडता वाचलेल्याला ‘फक्त श्वासाकडे बघ’ सांगणं म्हणजे कदाचित त्याला गुदमरण्याच्या त्याच क्षणात परत ढकलणं. म्हणून शाळेत, योगवर्गात किंवा मंदिराच्या सभामंडपात ध्यान शिकवणाऱ्यांनी मुभा द्यायला शिकलं पाहिजे. डोळे उघडे चालतील. श्वास नको असेल तर तळपायाखालची फरशी, लांबून येणारा ट्रॅक्टरचा आवाज यावर लक्ष ठेवा. सुरुवातीला दोन मिनिटं पुरेत. मागून येऊन खांद्यावर हात ठेवू नये. आणि कुणी मध्येच उठून गेलं तर त्याला कारण विचारू नये.

कुणी थरथरू लागलं, हमसून रडू लागलं की ‘आतला मळ निघतोय, सोसा’ असं म्हणतात. हे धोक्याचं आहे. तिथं ध्यान थांबवावं, डोळे उघडायला सांगावं, पाणी द्यावं, चार पावलं चालवावं. ब्राउन विद्यापीठातल्या विलोबी ब्रिटन आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये ध्यान करणाऱ्यांना आलेल्या अडचणी सविस्तर मांडल्या. भीती, जुन्या आघाताच्या आठवणी उफाळणं हेही त्यांत आहे. इगतपुरीला 1976 पासून विपश्यना शिकवली जाते, पण दहा दिवसांचं मौन आणि दिवसाला दहा तासांच्या आसपास बैठक हा आघाताचा घरगुती इलाज नव्हे. गंभीर मनोविकार बरा होईल या अपेक्षेनं शिबिराला येऊ नये, असं विपश्यनेची नियमावलीच सांगते.

‘ध्यान सुरू केलं, आता डॉक्टर कशाला?’ याचं उत्तर 2015 च्या एका अमेरिकन अभ्यासात आहे. आघातोत्तर ताणाचा विकार असलेल्या 116 माजी सैनिकांपैकी ध्यानाच्या गटाची लक्षणं तुलनेच्या गटापेक्षा जास्त उतरली. मात्र विकारातूनच बाहेर पडलेल्यांच्या प्रमाणात दोन्ही गटांत ठळक फरक नव्हता. म्हणजे ध्यानाची मदत खरी आहे, पण मर्यादित आहे. आघातावर केंद्रित बोधात्मक-वर्तन उपचार (सीबीटी) आणि डोळ्यांच्या हालचालींचा वापर करणारं ईएमडीआर या उपचारांची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनं 2013 मध्येच केली आहे. चालू गोळ्या परस्पर बंद करू नयेत.

आणि अपघात पाहिला म्हणून प्रत्येक जण आजारी पडत नाही. बहुतेक जण आपल्या माणसांत राहून सावरतात. त्यांना ‘सगळं सांग, मोकळा हो’ म्हणून खोदून विचारू नये; बोलावंसं वाटलं तर ऐकून घ्यावं. मात्र भयस्वप्नं, दचकणं, टाळाटाळ महिन्याच्या पुढे गेली तर उतारे-गंडे करत वेळ घालवू नका, मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. जीव द्यायचे विचार बोलून दाखवले तर एक दिवसही थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत.