आपल्या नळीला मानवणारी गोळी

दापोडीहून पुण्याकडे जाणारी लोकल मुळेचा पूल ओलांडते आणि खडकी येते. तिथली ॲम्युनिशन फॅक्टरी 1869 सालची. लष्कराच्या रायफलींची काडतुसं बनवण्यात या परिसराच्या पिढ्या गेल्या. तरीही ‘सगळ्यात चांगली गोळी कोणती?’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. गोळी नळीला मानवावी लागते.

रायफलीच्या नळीत पिळदार खाचा असतात. त्या गोळीला गरगर फिरवतात, म्हणून ती भोवऱ्यासारखी तोल सांभाळते. गोळी जितकी लांब, तितका पीळ घट्ट हवा. अमेरिकी एम-16 रायफलीची जुनी 3.6 ग्रॅमची गोळी 12 इंचांत एक फेरा देणाऱ्या नळीतून नीट जाई. पुढे 4 ग्रॅमची, पोलादी टोकाची लांब गोळी आली आणि पीळ घट्ट करून 7 इंचांवर आणला गेला. जुन्या नळीतून ही नवी गोळी डगमगते.

दुसरी गोष्ट काडतुसांच्या एकसारखेपणाची, आणि माझ्या मते तीच मोठी. 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने 451.4 गुणांसह कांस्य जिंकलं, ते 50 मीटरवरच्या .22 रायफलीने. तिथे दहा गुणांचं वर्तुळ अवघं 10.4 मिलिमीटरचं. गोळीचा वेग सेकंदाला साधारण 330 मीटर. ध्वनीच्या वेगाची सीमा पार करताना गोळीला हादरे बसतात, म्हणून हा वेग मुद्दाम त्याखाली ठेवलेला असतो. त्यात 5 मीटरचा जरी फरक पडला, तरी गोळी साडेतीन मिलिमीटर वर-खाली लागते. पदक हुकायला एवढं पुरतं.

असा एकसारखेपणा साधायला काही देशांत लोक दारू तोलून, गोळी निवडून काडतूस घरी भरतात. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे. स्वसंरक्षणासाठी बंदुकीचा परवाना मिळाला म्हणून ती मुभा मिळत नाही. शिवाय .22 काडतुसात ठिणगीचं रसायन बुडाच्या कडेतच भरलेलं असतं. ते पुन्हा भरण्याजोगं नसतंच.

म्हणून नेमबाज लॉट, म्हणजे एकाच खेपेत बनलेली काडतुसं, निवडतात. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या दोन लॉटही वेगळ्या वागतात. एली कंपनीच्या इंग्लंडमधल्या किंवा लापुआ कंपनीच्या जर्मनीतल्या चाचणी केंद्रात खेळाडू स्वतःची रायफल नेतो. ती शिकंज्यात पक्की आवळतात, म्हणजे माणसाचा हात मध्ये येत नाही. एकेका लॉटच्या गोळ्या झाडून भोकांचा पुंजका मोजतात. ज्या लॉटचा पुंजका सर्वांत दाट, तिच्या पेट्या खेळाडू हंगामभरासाठी घेऊन ठेवतो.