ताप आहे, मग उतरवत का नाहीत?

घरातलं माणूस अतिदक्षता विभागात असलं की दाराबाहेरच्या बाकावर बसून राहणं बहुधा आपल्याच वाट्याला येतं. पुरुषमंडळी पैशांच्या आणि औषधांच्या धावपळीत, मुलं शेजारणीकडे, आणि तुम्ही दाराकडे डोळे लावून बसलेल्या. ठरल्या वेळी पाच मिनिटं आत सोडतात. नळ्या, यंत्रं, पडद्यावर पळणाऱ्या रेषा, यातलं काहीच कळत नाही. कळतो तो एकटा ताप! कपाळावर हात ठेवला की चटका बसतो आणि मनात येतं, "एवढा ताप अंगात, आणि साधी पाण्याची घडीसुद्धा कुणी ठेवत नाही!"

मैत्रिणींनो, हा राग अगदी समजण्यासारखा आहे. आजवर घरातला प्रत्येक ताप तुम्हीच तर उतरवलात! पण अत्यवस्थ रुग्णाच्या बाबतीत ताप का आला हे शोधणं आधी, आणि तो उतरवायचा की नाही हे त्यानंतर. असं का, ते समजून घेतलं तर निम्मी घालमेल कमी होईल.

ताप चढतो कसा?

आपल्या इस्त्रीला गरमपणा कमीजास्त करण्याचं बटण असतं ना? तसंच एक ठिकाण आपल्या मेंदूत असतं. एरवी ते साधारण ३७ अंश सेल्सिअसवर, म्हणजे आपल्या ओळखीच्या ९८.६ फॅरनहाइटवर असतं. जंतुसंसर्ग झाला की शरीर स्वतःच ते बटण वर सरकवतं. वाढलेल्या उष्णतेत बऱ्याच जंतूंची वाढ मंदावते आणि शरीराची प्रतिकारशक्ती जोमानं काम करते.

बटण वर गेलं की आहे ती उष्णता शरीराला कमी वाटते. म्हणूनच ताप चढताना आधी थंडी वाजते, हुडहुडी भरते. पॅरासिटॅमॉल हे बटण खाली आणतं. गार पाण्याची घडी मात्र फक्त कातडी गार करते, बटण आपलं वरच! अशा वेळी बर्फाच्या पाण्यानं अंग पुसलं तर शरीर कुडकुडून आणखी उष्णता निर्माण करतं. ज्याचा श्वासच यंत्रावर चालला आहे, त्याला ही कुडकुड फार महागात पडते, कारण त्यानं प्राणवायूची गरज दुपटीवरही जाऊ शकते.

मग गोळी का देत नाहीत?

देतात. रुग्ण तळमळत असेल, अंग ठणकत असेल, तर जरूर देतात. पण आकडा खाली आला म्हणजे माणूस लवकर बरा झाला, असं दिसलेलं नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या अतिदक्षता विभागांत ७०० रुग्णांवर याची परीक्षा झाली आणि २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जंतुसंसर्गानं ताप आलेल्या या रुग्णांपैकी निम्म्यांना दर सहा तासांनी शिरेतून पॅरासिटॅमॉल दिलं, निम्म्यांना नुसतंच औषध नसलेलं द्रव. अतिदक्षता विभागातून बाहेर पडण्यात आणि मृत्यूंच्या प्रमाणात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणजे गोळीनं अपाय झाला नाही, पण जीव वाचवण्याचं कामही तिनं केलं नाही. ते काम मूळ कारणावरच्या उपचाराचं.

आणि ही कारणं तरी किती! न्यूमोनिया, लघवीच्या नळीतून किंवा मानेतल्या सलाइनच्या नळीतून झालेला संसर्ग, पायाच्या शिरेत झालेली रक्ताची गुठळी, एखादं औषध न मानवणं, रक्त चढवल्यानंतरची प्रतिक्रिया. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्या एकदोन दिवसांत येणारा ताप तर पुष्कळदा जंतूंचा नसतोच. म्हणून ३८.३ अंशांच्या, म्हणजे सुमारे १०१ फॅरनहाइटच्या वर ताप गेला की डॉक्टर नळ्या तपासतात, छातीचा फोटो काढतात, रक्त कल्चरला पाठवतात. त्याचा निकाल यायला दोनतीन दिवस लागतात. ही दिरंगाई नव्हे, जंतू वाढून दिसायलाच तेवढा वेळ लागतो.

कुठे मात्र ताप चालत नाही

सगळ्यांनाच ही मोकळीक नाही बरं का! ताप १ अंश सेल्सिअसनं चढला की शरीराची प्राणवायूची गरज साधारण १० टक्क्यांनी वाढते. हृदय किंवा फुप्फुसं थकलेली असली तर हा भार झेपत नाही. पक्षाघात झालेल्या किंवा डोक्याला मार लागलेल्या रुग्णात तापानं मेंदूची इजा वाढण्याची भीती असते. हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या बेशुद्ध रुग्णालाही ताप चढू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून जपतात. कुडकुड थांबवण्याचं औषध देऊन, यंत्राच्या साहाय्यानं गार केलं जातं ते अशा वेळी.

उष्माघात तर निराळाच. विदर्भातल्या मे महिन्यात उन्हात कोसळलेल्या माणसाचं ते मेंदूतलं बटण वर गेलेलं नसतं. बाहेरच्या उष्णतेनं शरीरच हतबल झालेलं असतं. तिथे पॅरासिटॅमॉल कुचकामी. सावलीत नेणं, अंगावर पाणी ओतणं, वारा घालणं आणि तातडीनं रुग्णालय गाठणं हाच उपाय. तिथे क्षणाचाही उशीर नको.

रुग्णाजवळ असताना

* स्वतःजवळची तापाची गोळी कधीही देऊ नका. तेच औषध सलाइनमधून चाललेलं असू शकतं, आणि पॅरासिटॅमॉल जास्त झालं तर यकृताला इजा होते.
* अंग पुसायचं असेल तर सिस्टरना विचारून, कोमट पाण्यानं पुसा. थंडी वाजू लागली की लगेच थांबा.
* हातावरून ताप ठरवू नका. गंभीर रुग्णाचे हातपाय गार आणि आत ताप, असंही होतं.
* ताप उतरला म्हणून लगेच पेढे वाटू नका! वयस्कर रुग्णात जंतुसंसर्ग वाढला तरी कधीकधी ताप येत नाही, उलट अंग गार पडतं. ३६ अंशांच्या खाली उतरणं, असंबद्ध बडबड, लघवी कमी होणं, ही लक्षणं तापाहून वाईट.
* डॉक्टरांना "ताप किती?" एवढंच विचारू नका. "ताप कशाचा वाटतो? कल्चर पाठवलंय का? याच्या हृदयाला, मेंदूला हा ताप झेपेल का?" असं विचारा. सगळ्यांनी मिळून भंडावण्यापेक्षा घरातल्या एकानंच विचारावं आणि वहीत टिपून ठेवावं.

घरी आल्यावर

निघण्याआधी "किती ताप आला तर फोन करू?" हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. थर्मामीटर हाताशी ठेवा, सकाळ-संध्याकाळ ताप वहीत मांडा. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा कमी येतो, म्हणून रोज एकाच ठिकाणी मोजा. थंडी भरून ताप आला, धाप लागली, माणूस भ्रमिष्टासारखं बोलू लागलं, तर सकाळची वाट पाहू नका. कर्करोगाची केमोथेरपी चालू असेल तर १००.४ फॅरनहाइट हा आकडासुद्धा ताबडतोब रुग्णालयात नेण्याइतका गंभीर समजा, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात!

आणि हो, त्या बाकावर बसताना स्वतःचा डबा आणि पाण्याची बाटली जवळ असू द्या. डॉक्टरांचं बोलणं नीट ऐकून घ्यायचं तर पोटात दोन घास हवेतच ना?