मंजुरीनंतरचे घर

बांधकामाची परवानगी हातात पडली की आपल्याकडे पेढे वाटतात. वाटावेत, त्या कागदासाठी माणसाने उतारे, नकाशे आणि सह्या यांच्यामागे किती पायपीट केलेली असते हे मला ठाऊक आहे. परंतु परवानगी म्हणजे घर नव्हे. परवानगी आणि पहिली कुदळ यांच्यामध्ये जो महिना-दोन महिन्यांचा काळ असतो, त्यात घराचे भवितव्य ठरते, आणि नेमका तोच काळ आपण मुहूर्त शोधण्यात घालवतो. आज मला त्या काळाविषयी बोलायचे आहे.

शिरूर अनंतपाळात किंवा आसपासच्या कोणत्याही गावात एक फेरी मारा. लिंटेलपर्यंत, म्हणजे दारा-खिडक्यांच्या डोक्यापर्यंत चढलेल्या आणि तिथेच थांबलेल्या भिंती दिसतील. सळया गंजून लाल झालेल्या, वर पत्र्याचे चार तुकडे टाकून संसार मांडलेला. लोक म्हणतात, ‘पैसा संपला.’ अशा पुष्कळ घरांचे हिशेब मी त्या-त्या घरी बसून मांडले आहेत. पैसा संपला हे अर्धेच खरे असते. पुष्कळदा पैसा यायचा असतो; तो येईपर्यंत माणसाला दम निघत नाही.

याचे कारण समजून घेऊ. घराला मिळणारा बाहेरचा पैसा, मग तो सरकारचा असो वा बँकेचा, कामाच्या मागून येतो. नगरपंचायतीच्या हद्दीत प्रधानमंत्री आवास योजनेतून स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख, असे अडीच लाख रुपये मिळतात. खेड्यात २०१६ साली सुरू झालेल्या ग्रामीण योजनेची मूळ मदत १ लाख २० हजारांची. दोन्हीकडे रक्कम हप्त्यांनी येते. हप्त्यांचे आकडे अधूनमधून बदलतात, पण रीत तीच: अमुक उंचीपर्यंत काम झाले, त्याचे छायाचित्र काढले गेले, ते वर गेले, तपासले गेले, की मग रक्कम खात्यात. बँकही कर्ज टप्प्याटप्प्यानेच सोडते, आणि त्याआधी तुमचा स्वतःचा हिस्सा कामात घातला का, हे विचारते.

आता एक हिशेब करू. आकडे मी सोयीसाठी घेतले आहेत. आपापले प्रत्येकाने घालावेत. समजा, तीनशे चौरस फुटांचे घर आहे आणि ओव्हरसियरने पाच लाखांचे अंदाजपत्रक दिले. जोत्यापर्यंत एक लाख, जोत्यापासून लिंटेलपर्यंत एक लाख, स्लॅबला दीड, आणि गिलावा, फरशी, दारे, वीज, संडास यांना दीड. अडीच लाख मदत, अडीच लाख पदरचे. साधा माणूस म्हणतो, ‘निम्मे सरकारचे, निम्मे माझे,’ आणि प्रत्येक टप्प्याला निम्मा-निम्मा पैसा लागेल असे धरून चालतो. म्हणून तो सव्वा लाख जवळ असताना खोदायला घेतो. उरलेले सव्वा लाख सोयाबीन विकून येतील, भाऊ देईल, असा भरवसा असतो. जोते झाले. एक लाख गेला. हप्त्याची वाट पाहायची, तर गवंडी थांबत नाही. तो दुसऱ्या कामावर गेला की परत केव्हा येईल त्याचा नेम नाही. म्हणून भिंती चढवल्या जातात. विटा उधार, सिमेंट उधार. हप्ता येतो तेव्हा तो थेट दुकानदाराच्या वहीत जातो, आणि काम लिंटेलवर उभे राहते.

आपला पैसा आधी आणि बाहेरचा मागून, हा क्रम ज्याने ओळखला त्याचा हिशेब निराळा होतो. त्याला पहिल्या दोन टप्प्यांचे दोन लाख खोदण्यापूर्वीच हाताशी असावे लागतात. नसतील, तर त्याने घर लहान करावे, किंवा एक हंगाम थांबावे. परवानगी घेतली की लगेच बांधलेच पाहिजे असे नाही. नगररचना कायद्याप्रमाणे परवानगी एक वर्ष चालते आणि दरवर्षी नूतनीकरण करून एकूण चार वर्षांपर्यंत टिकवता येते. योजनेच्या मदतीची मुदत मात्र वेगळी असते. ती कार्यालयात लेखी विचारून घ्यावी.

लिंटेलवर काम थांबते याने मी एवढा अस्वस्थ का होतो? कारण आपण लातूर जिल्ह्यात राहतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायच्या सुमारास, किल्लारीचा भूकंप झाला. त्या वेळी शिरूर निलंगा तालुक्यात होते. आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. ती भूकंपाने गेली असे आपण म्हणतो. खरे पाहता ती आपल्याच घरांखाली गेली. मातीत रचलेल्या दोन-दोन, तीन-तीन फूट जाड दगडी भिंती, वर माळवदाचा टनावारी मातीचा भार, आणि भिंतीला भिंत बांधून ठेवणारे काहीही नाही. तोवर भूकंपाच्या नकाशात आपला मुलूख सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात रंगवलेला होता. २००२ च्या सुधारित नकाशाने तो तिसऱ्या विभागात टाकला.

भिंतींना एकमेकींशी बांधणारी वस्तू म्हणजे लिंटेलवरचा पट्टा, ज्याला मिस्त्री ‘बँड’ म्हणतात. तीन इंच जाडीचा, निदान दोन सळयांचा, सगळ्या भिंतींवरून, आतल्या भिंतीवरूनसुद्धा, न तुटता फिरणारा काँक्रीटचा पट्टा. धक्का बसला तर भिंती वेगवेगळ्या कोसळू नयेत म्हणून तो असतो. पेटीला पट्टी ठोकतात तसा. आणि नेमका याच उंचीवर घरधन्याचा खिसा रिकामा होतो! मग मिस्त्री म्हणतो, ‘दारा-खिडक्यांपुरतेच लिंटेल टाकू, बाकी वीट चालवू.’ वरून गिलावा झाला की कोणाला दिसणार?

या पट्ट्याचा खर्च किती, तेही पाहू. आपले पंधरा बाय वीसचे घर घ्या, मध्ये एक आडवी भिंत. एकूण लांबी ८५ फूट, रुंदी नऊ इंच, जाडी तीन इंच. म्हणजे सोळा घनफूट काँक्रीट. शंभर घनफुटांचा एक ब्रास, त्याचा सहावा हिस्सासुद्धा नव्हे. चार पोती सिमेंट आणि कड्यांसकट चाळीस किलोच्या आतबाहेर सळई. पाच लाखांच्या घरात एवढ्या मालासाठी आपण लेकरांच्या डोक्यावरची हमी गमावतो. म्हणून माझे सांगणे असे की, या पट्ट्याची सळई जोत्याच्या सळईबरोबरच विकत घ्या आणि घरात आडवी ठेवा. पैसा खर्च होतो, लोखंड खर्च होत नाही.

भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली, हे सर्वांना आठवते. त्याहून मोठे काम लोक विसरले. सुमारे दोन लाख घरांची जागेवरच दुरुस्ती वा पुनर्बांधणी झाली. नुकसानीप्रमाणे १७ हजार किंवा ३४ हजार रुपये, तेही हप्त्यांनी बँक खात्यात, आणि बांधकाम ज्याचे त्याने करायचे. तेव्हा गावोगाव महिला मंडळांतल्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून नेमल्या गेल्या. कोणता हप्ता कशाला, पट्टा कुठे, हे त्या घरोघर जाऊन सांगत. आज योजना जास्त पैसे देते, पण असे उंबऱ्यावर येऊन सांगणारे कोणी नाही.

कमी पडणारी रक्कम कोठून आणावी? कारखान्यात किंवा गिरणीत नोकरी असेल तर भविष्य निर्वाह निधीतून घरासाठी रक्कम काढता येते. ते कर्ज नव्हे, पण म्हातारपणची भाकर आहे, हे ध्यानात असावे. बचत गट आणि पतसंस्था लहान रकमेला बऱ्या. बँकेकडे जायचे तर जागेचा कागद स्वच्छ हवा; गावठाणातल्या पुष्कळ जागा तोंडी वाटपाच्या असतात, तिथेच बँक हात आखडते. खेड्यांतून ड्रोनने मोजणी होऊन ज्यांना सनद मिळाली त्यांनी ती जपून ठेवावी. सावकाराविषयी एवढेच, की विनापरवाना सावकारी २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे. तरी जोते झाल्यावर पहिला दार ठोठावणारा तोच असतो.

पैशाखालोखाल पाणी. मी माझे घर बांधले तेव्हा सिमेंट स्वस्त मिळाले म्हणून साठ पोती एकदम घेऊन टाकली. मार्चअखेर बोअर आटला. काम थांबले, पावसाळा आला, आणि त्यातल्या वीस पोत्यांचे दगड झाले. सिमेंट तीन महिन्यांवर ठेवू नये, हे शिकायला मला वीस पोती लागली. ज्या जिल्ह्याला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे स्लॅब वैशाखात टाकणे शहाणपणाचे नाही. दिवाळी झाली की पाया घ्यावा. काळ्या मातीवर तो थांबवू नये, खाली मुरमापर्यंत न्यावा. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात फाटते आणि भिंतीही फाडते. स्लॅब माघात पडला तर पुढे दोन आठवडे पाणी मारायला विहिरीत पाणी असते.

गवंड्याशी करार तोंडी नको. चौरस फुटाचा दर, त्यात सेंट्रिंग आहे की नाही, पट्टा आहे की नाही, उचल किती आणि कोणत्या टप्प्याला किती द्यायचे, हे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. आमची गवंडी मंडळी कागदाला भितात, तरी त्यात त्यांचेही रक्षण आहे. घर थांबले की पहिली बुडते ती बिगाऱ्याची मजुरी.

सोलापुरात विडी कामगारांनी संघटनेच्या बळावर गोदूताई परुळेकर यांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत उभी केली. २००६ साली तिच्या चाव्या दिल्या गेल्या. आपल्याकडे प्रत्येकजण एकेकटा बांधतो, एकेकटा भाव करतो. एवढी मोठी वसाहत आपल्याला जमणार नाही, पण एका आळीत एका हंगामात दहा परवानग्या निघाल्या असतील, तर दहा जणांनी सळई एकत्र घ्यायला काय हरकत आहे? २०२५ च्या वाळू धोरणात घरकुलाला पाच ब्रासपर्यंत वाळू विनामूल्य देण्याची तरतूद आहे. वाहतूक मात्र आपली. तिथेही दहा जणांनी मिळून ट्रॅक्टर ठरवला तर फेरी स्वस्त पडते, आणि तहसिलात अर्ज घेऊन दहा जण एकदम उभे राहिले की बाबू मान वर करून पाहतो.