काचोळी की कृत्रिम अवयवाचे साधन?

वटवाघूळ पक्षी की पशू, असे वर्गात विचारले की मुले लगेच पंखांकडे बोट दाखवितात. ते पिलांना दूध पाजते, हे त्यांना मग सांगावे लागते. परदेशातून येणाऱ्या मालावर जकात आकारताना असाच पेच पडतो. १ जानेवारी १९८८ पासून जगातील बहुतेक देश वस्तूंसाठी सहा आकडी एकच यादी वापरीत आले आहेत. वस्तू कोणत्या कलमात बसली, यावर तिची जकात ठरते.

इंग्लंडमधील एक खटला वाचकांना, विशेषतः आमच्या भगिनींना, सांगण्याजोगा आहे. कर्करोगामुळे स्तन काढावा लागलेल्या स्त्रियांसाठी अमोना ही कंपनी 'कार्मेन' नावाची काचोळी ब्रिटनमध्ये आणीत असे. तिला आतून कप्पे शिवलेले असत. त्यांत कृत्रिम स्तन जागच्या जागी राहतो. कस्टम खात्याने ती ६२१२ या कलमात, म्हणजे साध्या काचोळ्यांत घातली व साडेसहा टक्के जकात लावली. कंपनीचे म्हणणे असे की, ही कृत्रिम अवयवाची जोडवस्तू आहे. तिची जागा ९०२१ मध्ये, जेथे कुबड्या व कानयंत्रेही येतात. तेथे जकात शून्य.

साडेसहा टक्के थोडे वाटतील. पण ही वस्तू कोणी हौसेने घेत नाही, आणि वापरून झिजली की पुन्हा घ्यावीच लागते.

अपील न्यायालयाने खात्याची बाजू उचलून धरली. जुलै २०१६ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र कंपनीला न्याय दिला. कृत्रिम स्तन आधारावाचून काम कसे करणार? आमच्या मते हा निकाल योग्यच होता.

पण ब्रिटन तेव्हा युरोपीय संघात होता. २०१७ मध्ये युरोपीय आयोगाने नियम काढून अशा काचोळ्या पुन्हा ६२१२ मध्ये बसविल्या. कंपनीने त्यालाही आव्हान दिले. डिसेंबर २०१९ मध्ये लक्झेंबर्गच्या न्यायालयाने नियम वैध ठरविला. एका देशाच्या न्यायालयाचा निकाल साऱ्या युरोपच्या यादीला बांधीत नाही.

१ जानेवारी २०२१ पासून ब्रिटनचे जकातदर त्याचे स्वतःचे आहेत. तेथे आयातीचा आकडा दहा अंकी असतो, परंतु पहिले सहा अंक जगाचेच. त्यामुळे ६२१२ आणि ९०२१ ही दोन्ही दारे तेथे अजून शेजारी उभी आहेत.