चाकांवरचे घर आणि मुक्कामाची जागा

घर म्हणजे चार भिंती आणि एक छप्पर, ही समजूत इतकी रुळलेली आहे की गाडीत राहणारा माणूस दिसला की त्याच्याविषयी दोनच तर्क केले जातात. एक तर तो हौशी प्रवासी असावा, नाहीतर दैवाने मोडलेला असावा. अमेरिकेत व्हॅनमध्ये, जुन्या बसमध्ये किंवा साध्या मोटारीत वर्षानुवर्षे राहणाऱ्या माणसांकडे पाहिले, तर हे दोन्ही तर्क अपुरे ठरतात. त्यांतील पुष्कळजण घराबाहेर पडले ते पैशाच्या ओढाताणीमुळे. परंतु काही काळानंतर ते ज्या अनुभवाविषयी बोलू लागतात, त्याला आपल्याकडे अध्यात्म हाच जवळचा शब्द आहे. हे कसे घडते, आणि कोणत्या परिस्थितीत घडत नाही, हे समजून घेण्यासारखे आहे.

या अनुभवाचा एक उत्तम दस्तऐवज म्हणजे विल्यम लीस्ट हीट-मून यांचे १९८२ साली प्रसिद्ध झालेले ‘ब्लू हायवेज’ हे पुस्तक. मिझुरी राज्यात इंग्रजी शिकवणाऱ्या या अध्यापकाची नोकरी १९७८ मध्ये गेली. पत्नीशीही दुरावा आला होता. त्यांनी आपल्या फोर्ड व्हॅनमध्ये एक फळीचा बिछाना टाकला आणि देशाला वळसा घालण्यासाठी ते निघाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील आदिवासींनी हरवलेले जग परत यावे म्हणून जो नृत्यविधी आरंभला होता, त्यावरून त्यांनी व्हॅनचे नाव ‘घोस्ट डान्सिंग’ असे ठेवले. जुन्या नकाशांत मुख्य रस्ते तांबडे आणि आडवाटा निळ्या दाखवलेल्या असत. त्या निळ्या रेषांवरून तीन महिन्यांत त्यांनी सुमारे १३ हजार मैल, म्हणजे जवळपास २१ हजार किलोमीटर प्रवास केला.

आपल्या दुःखावर उतारा शोधत निघालेल्या या माणसाला कोठेही साक्षात्कार झाला नाही. त्यांना भेटली ती गावोगावची साधी माणसे. जॉर्जिया राज्यातील एका ख्रिस्ती मठात त्यांनी एका संन्याशाशी दीर्घ संवाद केला. हा संन्यासी पूर्वी न्यूयॉर्कमध्ये पोलीस होता. वाटेवरच्या खाणावळीची पारख करण्याची त्यांची रीतही मजेदार होती. भिंतीवर जितकी कॅलेंडरे अधिक, तितके जेवण चांगले! स्वतःच्या दुःखात बुडालेला माणूस भिंतीवरची कॅलेंडरे मोजू लागतो, तेव्हा त्याची नजर आतून बाहेर वळलेली असते. या पुस्तकातील खरा प्रवास हाच आहे.

आज हे जीवन पाहायचे तर ॲरिझोना राज्याच्या पश्चिमेकडील क्वार्टझाइट या वाळवंटी गावाकडे वळावे लागते. गावाची कायम वस्ती जेमतेम अडीच हजारांची. परंतु हिवाळ्यात भोवतालच्या माळावर चाकांवरच्या घरांचे प्रचंड नगर वसते. ही जमीन संघराज्य सरकारच्या ‘ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट’ या विभागाची आहे. त्याच्या बहुतेक मोकळ्या जमिनींवर एका जागी साधारणतः १४ दिवसच राहता येते. क्वार्टझाइटजवळ मात्र १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या काळासाठी दीर्घ मुक्कामाची क्षेत्रे राखून ठेवलेली आहेत. संपूर्ण मोसमाचे शुल्क अनेक वर्षे १८० डॉलर एवढेच होते. १९९०च्या दशकात घटस्फोटानंतर भाडे परवडेना म्हणून व्हॅनमध्ये राहू लागलेले बॉब वेल्स यांनी याच परिसरात अशा माणसांचे वार्षिक मेळावे भरवले. जेसिका ब्रूडर यांनी २०१७ साली ‘नोमॅडलँड’ या पुस्तकातून हे जग वाचकांपुढे आणले. क्लोई झाओ यांनी त्यावर केलेल्या चित्रपटाला २०२१ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. त्या चित्रपटात वेल्स आणि इतर काही भटक्यांनी स्वतःच्याच भूमिका केल्या आहेत.

या जीवनात विस्मय कोठून येतो, याचे उत्तर निसर्गसौंदर्य असे चटकन दिले जाते. ते अर्धेच खरे आहे. खरे कारण असे की, पक्क्या घरात ज्या गोष्टी भिंतीआड लपलेल्या असतात, त्या सर्व गाडीत डोळ्यांपुढे येतात. नळ सोडला की पाणी येते, हे घरातले सत्य. गाडीत मात्र वीस लिटरचा एक कॅन असतो आणि तो स्वतः भरून, उचलून आणावा लागतो. ज्याने चार दिवस त्या कॅनवर काढले, त्याला तांब्याभर पाण्याचे मोल कोणी सांगावे लागत नाही.

उजेडाचेही तसेच. टपावर सौरपट्टी बसवली की विजेचा प्रश्न सुटतो असे वाटते. परंतु क्वार्टझाइटच्या अक्षांशावर डिसेंबरअखेरीस सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून जेमतेम ३३ अंश वर चढतो, त्यामुळे आडव्या पट्टीला सूर्यासमोर धरलेल्या पट्टीच्या निम्म्याहून थोडीच अधिक ऊर्जा मिळते. म्हणून माणसे पट्टी दक्षिणेकडे कलती करतात, आणि असे करता करता दक्षिणायन-उत्तरायण ही पंचांगातील नावे न राहता रोजच्या दिव्याशी जोडली जातात. रात्री उच्छ्वासातील बाष्प थंड काचेवर साचते. पहाटे त्या काचेवरून ओघळणारा थेंब हा आपलाच श्वास असतो. उन्हाळा आला की हीच माणसे फ्लॅगस्टाफसारख्या उंच प्रदेशाकडे निघतात. हवेचे तापमान दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, आणि क्वार्टझाइटपेक्षा फ्लॅगस्टाफ सुमारे अठराशे मीटर उंच आहे. पक्ष्यांप्रमाणे ऋतूमागे सरकत राहणे, हाच त्यांचा वातानुकूलनाचा उपाय.

डॅकर केल्टनर आणि जोनाथन हाइट या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली विस्मयाच्या भावनेची मीमांसा करताना तिची दोन लक्षणे सांगितली. समोर असलेल्या गोष्टीची विशालता जाणवणे, हे पहिले. आणि ती मनाच्या रूढ चौकटीत न मावल्यामुळे चौकटच बदलावी लागणे, हे दुसरे. विशालता म्हणजे केवळ वाळवंटावरची आकाशगंगा नव्हे. आपला श्वास, पाणी आणि ऊन आपल्याहून फार मोठ्या व्यवस्थेचा भाग आहेत, ही जाणीवही तेवढीच विशाल आहे. गाडीतले जीवन ती रोज, हाताला लागेल अशा रीतीने करून देते. तिलाच पुढे कृतज्ञतेचे रूप येते.

मात्र येथे एक अट आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून या जीवनाचे गोडवे गाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. शहरात गाडी लावून झोपणाऱ्याचे निम्मे चित्त दाराकडे असते. काचेवर टकटक होईल का, कोणी हुसकावून लावील का, गाडी उचलून नेली तर औषधे आणि कागदपत्रे कोठून परत मिळवायची, या धास्तीत आकाशाकडे कोण पाहणार? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २८ जून २०२४ रोजी ओरेगनमधील ग्रँट्स पास शहराच्या खटल्यात सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने निर्णय दिला. सार्वजनिक जागेत मुक्काम करणाऱ्यांना दंड करणारे स्थानिक नियम राज्यघटनेने निषिद्ध मानलेल्या ‘क्रूर व असाधारण’ शिक्षेत मोडत नाहीत, असे न्यायालयाने म्हटले. ज्यांच्याकडे चाकांवरचेच घर आहे, त्यांच्यासाठी कोठे थांबावे हा प्रश्न त्यामुळे अधिक बिकट झाला. वाळवंटातील १५ एप्रिलपर्यंतचा तो निर्धास्त मुक्काम आणि शहरातील धास्तावलेली रात्र यांत गाडी तीच असते, माणूसही तोच असतो. फरक असतो तो थांबण्याच्या परवानगीचा.

आपल्या परंपरेने हे मर्म फार पूर्वी ओळखले होते. गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताच्या लक्षणांत ‘अनिकेत’, म्हणजे ज्याचे घर असे नाही तो, हा शब्द येतो. परंतु घर सोडलेल्या श्रमणांसाठीही बौद्ध आणि जैन परंपरांनी पावसाळ्यात एका ठिकाणी राहण्याचा नियम घातला. पंढरीच्या वारीत चालणे जितके महत्त्वाचे, तितकेच मुक्काम महत्त्वाचे. वाटेवरची गावे वारकऱ्यांना जागा, पाणी आणि भाकरी देतात, म्हणून वारीत विठ्ठलाचे नाव निर्धास्तपणे घेता येते. चालणाऱ्याच्या भक्तीला थांबवून घेणाऱ्याच्या औदार्याचा आधार असतो.

इंदूर-ग्वाल्हेरकडच्या वाचकांना बैलगाडीतच संसार करणारे गाडिया लोहार परिचित असतील. चितोडच्या पाडावानंतर छपराखाली न राहण्याची शपथ त्यांच्या पूर्वजांनी घेतली, असे परंपरा सांगते. परंतु व्रत म्हणून स्वीकारलेले अनिकेतपण आणि जागा नाही म्हणून वाट्याला आलेले अनिकेतपण यांत अंतर आहे, हे त्यांच्या रस्त्याकडेच्या आजच्या पालांकडे पाहून कळते. गोव्यालाही चाकांवरचे पाहुणे नवे नाहीत. साठ-सत्तरच्या दशकांत युरोपातून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तानमार्गे आलेल्या तरुणांच्या व्हॅन आणि बसगाड्या येथील किनाऱ्यांवर विसावत. १९७९ मधील इराणची क्रांती आणि अफगाणिस्तानातील सोव्हिएत आक्रमण यांनी तो मार्ग बंद केला. त्यानंतरच्या काळात किनाऱ्यांवर आणि रस्त्याकडेला चुली मांडून कचरा मागे टाकणारे प्रवासी वाढले, तेव्हा पर्यटन खात्याला २०२२ मध्ये उघड्यावर स्वयंपाक करण्यास मनाई करावी लागली. यजमान गावाची ही तक्रार रास्त आहे. ज्याला थांबू दिले, त्याने जागा होती तशी ठेवून जाणे, हा मुक्कामाचा दुसरा धर्म. क्वार्टझाइटच्या माळावरही कचरा सोबत घेऊन जाणे बंधनकारक आहे.

तात्पर्य, चाकांवरच्या घरातील अध्यात्म गाडीच्या वेगात नाही. ते तिच्या थांबण्यात आहे. लक्ष देण्याची सवय आणि निर्धास्त रात्र, या दोन गोष्टी जेथे एकत्र येतात तेथे पाण्याचा थेंबही विस्मयाचा विषय होतो. यातली पहिली गोष्ट ज्याची त्याने मिळवायची असते आणि त्यासाठी घर सोडण्याची आवश्यकता नाही. दुसरी मात्र कोणालाही एकट्याने मिळवता येत नाही. ती इतरांनी द्यावी लागते. रात्री रस्त्याकडेला उभ्या असलेल्या गाडीत कोणी झोपलेले दिसले, तर काचेवर टकटक करण्यापूर्वी एवढे आठवले तरी पुरे.