मोबाईलमधल्या विसरलेल्या सोयी : कोणत्या ठेवाव्यात, कोणत्या सोडाव्यात?

मोबाईल घेताना आपण कॅमेरा किती मेगापिक्सेलचा आणि बॅटरी किती, एवढंच विचारतो. घरी आल्यावर वापर कॉल, व्हॉट्सॲप आणि यूट्यूबचा. बाकीच्या सोयी सेटिंगमध्ये तशाच पडून राहतात. त्यातल्या काही आता निरुपयोगी झाल्या, एखादी तर धोक्याची ठरली. पण काही अशा आहेत की अडचणीत त्याच कामी येतात. पालकसभेला येणाऱ्या माता-भगिनींना आम्ही ज्या समजावून सांगतो, त्याच इथे मांडत आहोत.

पहिली सोय एफएम रेडिओ. वायरचा इअरफोन लावल्याशिवाय बहुतेक फोनमध्ये तो चालत नाही, कारण ती वायरच ॲन्टेनाचं काम करते. बऱ्याच नव्या फोनमध्ये तो मिळतच नाही. पण ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा रायगड-रत्नागिरीतल्या कितीतरी गावांत वीज आणि नेटवर्क दोन्ही गेलं होतं. रेडिओला ना नेट लागतं ना मोबाईलचा टॉवर. २०२३ मध्ये केंद्र सरकारनेही फोन कंपन्यांना एफएम चालू ठेवायला सांगितलं. तुमच्या फोनमध्ये असेल, तर एक जुना इअरफोन जपून ठेवा.

दुसरी, सिमचा पिन. फोनला लॉक असलं तरी चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये टाकतो आणि बँकेचे ओटीपी त्याच्याकडे जायला लागतात. सिमला पिन असेल तर दुसऱ्या फोनमध्ये ते पिनशिवाय चालत नाही. फक्त एक काळजी घ्या. सुरुवातीचा पिन सिम कंपनीला विचारूनच टाका, अंदाजाने नको. तीनदा चुकला की सिम लॉक होतं आणि मग कंपनीकडून पीयूके नंबर घ्यावा लागतो.

तिसरी गोष्ट दोन मिनिटांची. *#०६# दाबा. पंधरा आकडी आयएमईआय नंबर दिसेल, तो वहीत लिहून ठेवा. फोन हरवल्यावर पोलिसांत तक्रार देऊन सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर याच नंबरावरून फोन ब्लॉक करता येतो. फोन गेल्यावर हा नंबर कुठून आणणार?

चौथी, आणीबाणीचा कॉल. भारतात विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये ही सोय द्यावी, असा नियम २०१७ पासून आहे. बटणाच्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचं, स्मार्टफोनवर पॉवरचं बटण भराभर दाबायचं. किती वेळा, ते आपल्या फोनच्या सेटिंगमध्ये बघून घ्या. कॉल ११२ ला जातो, म्हणून गंमत म्हणून दाबू नका. तिथेच रक्तगट, चालू औषधं आणि घरच्यांचा नंबर भरता येतो. अब्बांना शुगर आहे आणि रस्त्यात चक्कर आली, तर लॉक न उघडताही लोकांना ही माहिती दिसते.

पाचवी, ॲप पिन करणं. मुलाला अभ्यासाचा व्हिडिओ लावून दिला की तो दुसरीकडे जाऊ शकत नाही, तुमच्या पैशाच्या ॲपमध्येही नाही. पिन काढताना लॉक विचारेल, एवढं मात्र सेट करा.

आता सोडण्यासारखी सोय म्हणजे कॉल फॉरवर्डिंग. एकेकाळी खूप कामाची होती. नंतर ठगांनी “*४०१# आणि पुढे हा नंबर दाबा” असं सांगून लोकांचे कॉल, आणि कॉलवर येणारे ओटीपीसुद्धा, स्वतःकडे वळवले. म्हणून १५ एप्रिल २०२४ पासून असा कोड दाबून फॉरवर्ड करण्याची सोय बंद करायला दूरसंचार विभागाने सांगितलं. तरी कॉल सेटिंगमध्ये जाऊन बघा. तिथे अनोळखी नंबर दिसला तर लगेच बंद करा.

सगळं एकाच दिवशी जमणार नाही. निदान आयएमईआय लिहून ठेवणं आणि ११२ चं बटण, एवढं तरी आज घरातल्या मोठ्यांना शेजारी बसवून दाखवा.